पदर दोन्ही खांद्यांवर
ऑर्केस्ट्रात गाणारी बाई बहुधा एकच, त्यामुळे भूपाळीपासून कॅबरेपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. १९८६ च्या गणपतीत मुलुंड पूर्वेच्या एका मंडळात मी 'पिया तू अब तो आजा' म्हटलं नि लगेच लावणी. मध्ये घोटभर पाणी, तेवढंच.

'कारवाँ'मधल्या (१९७१) त्या गाण्यातली हेलनला घातलेली हाक खुद्द पंचमदांच्या आवाजात आहे. आमच्याकडे ती मारायचे ढोलकीवाले काका. नारायणगावकडच्या फडांत वाजवून आलेला माणूस. गवळणीत पेंद्यानं ओरडावं तशी ती हाक निघायची. लोक खो खो हसायचे आणि वन्समोरही द्यायचे.

दोन्ही गाणी काळी चारमध्येच, पण गळा वेगळा लागतो. कॅबरेच्या गाण्यात आशाताई श्वाससुद्धा गातात. लावणीत श्वास ऐकू आला की काकांचं बोट ढोलकीवरच थांबायचं आणि ते नुसते माझ्याकडे बघायचे. शब्द फेकायचा, ओढायचा नाही, एवढंच त्यांचं शिकवणं.

बाकीचं मी सुलोचना चव्हाणांकडून घेतलं, म्हणजे रेडिओवरून. बाई गिरगावातल्या. लहानपणी गुजराती नाटकांत कामं केलेली, पुढे सुलोचना कदम या नावानं हिंदी सिनेमात गायलेल्या. लावणी नंतर आली, आणि तिचा ठसका शिकवला नवऱ्यानं, श्यामराव चव्हाणांनी. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. स्टेजवर मात्र पदर दोन्ही खांद्यांवर, माइकसमोर ताठ उभ्या. शृंगार सगळा शब्दांत. माझ्या आईला लावणीचं नाव चालत नसे, पण त्यांचा फोटो बघितल्यावर तिची तक्रारच संपली. मीही तसाच पदर घेऊन उभी राहायची. (कॅबरेलाही तोच पदर! त्याला इलाज नव्हता, साडी एकच.)

त्या रात्री लावणीच्या दुसऱ्या कडव्याला मंडळाचे एक कार्यकर्ते विंगेतून म्हणाले, "ताई, जरा हलून म्हणा की." मी हलले नाही. कार्यक्रम संपल्यावर पाकिटात ठरल्यापेक्षा पन्नास रुपये कमी. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही नुसत्या उभ्याच होतात." मंडपामागे काकांनी आपलं पाकीट फोडलं, पंचवीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. "माझे हात हलले म्हणून मला पुरे मिळाले. निम्मे तुझे." मी नको नको म्हणत घेतले. तेव्हा पंचवीस रुपये सोडवत नसत.

सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, नि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. त्या संध्याकाळी सोसायटीतली एक मुलगी माझ्याकडे लावणी बसवायला आली होती. कालिदास नाट्यमंदिरात तिची स्पर्धा होती. आल्या आल्या घुंगरू बांधायला बसली.

"ते राहू दे. आधी मांडी घालून गा," मी म्हटलं.

"बसून? लावणी?"

"यमुनाबाई वाईकर बसूनच म्हणायच्या. एकच ओळ, पण दर वेळी तिचा अर्थ वेगळा. पाय कशाला लागतात?"

तिला पटलं नव्हतं, तरी बसली. ढोलकी नव्हती, म्हणून मी टेबलावर बोटांनी ठेका धरला. पहिल्याच ओळीत तिचा श्वास ऐकू आला आणि माझं बोट थांबलं.