दस्तुरखुद्द

जुनी खरेदीखते आणि कर्जरोखे तुम्ही कधी पाहिले असतील, तर त्यांच्या शेवटी दोन प्रकारच्या खुणा तुम्हांला आढळल्या असतील. लिहून देणाऱ्याने कागद स्वतःच्या हाताने लिहिला असेल, तर सहीजवळ ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द असे. त्याला अक्षरओळख नसेल, तर कारकून त्याचे नाव लिहून पुढे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ अशी नोंद करी, आणि शेजारी शाईचा एक लांबट ठसा उमटलेला असे. आज ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द आपण ‘स्वतः’ एवढ्याच अर्थाने वापरतो. दस्तुरखुद्द मालकच दुकानात बसले होते, असे सहज म्हणून जातो. पण त्या शब्दाच्या पोटात हस्ताक्षर आहे. विद्यार्थी मित्रहो, शाईच्या पेनाने लिहिण्याच्या माझ्या आवडीविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, आणि ती आवड मला या एका शब्दापाशी पुन्हा पुन्हा आणून सोडते.

लेखनसाहित्याचे आपले बरेचसे शब्द दूरवरून आलेले आहेत. ‘शाई’ आली फारसीतील ‘सियाही’पासून, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ काळेपणा. म्हणजे ‘निळी शाई’ म्हणताना आपण नकळत ‘निळा काळेपणा’ असेच म्हणत असतो. ‘दौत’ अरबी ‘दवात’पासून आली. ‘कलम’ही अरबीतून आले, आणि मराठीत त्याने कायद्याच्या पुस्तकात एक व आंब्याच्या बागेत एक अशी दोन नवी घरे केली. ‘लेखणी’ मात्र संस्कृतातली. ‘लिख्’ या धातूचा जुना अर्थ ओरखडणे, कोरणे. या शब्दांच्या रांगेत फाउंटन पेनासाठी मराठीने ‘झरणी’ हा एक सुंदर शब्द घडवला. तो फारसा रुळला नाही, तरी या पेनाचा गुण त्याने अचूक पकडला आहे. शाई येथे झरते. ती ढकलावी लागत नाही.

हे झरणे कसे घडते, ते समजून घेतले तर पुढचे पुष्कळ काही समजते. 1884 साली अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिचेच तत्त्व आजच्या पेनांत काम करते. निबच्या खाली एबोनाइटची किंवा प्लास्टिकची एक पट्टी असते. शाळेत आम्ही तिला पेनाची जीभ म्हणत असू. तिच्यावर बारीक खाचा असतात. केशाकर्षणाने शाई त्या खाचांतून निबच्या चिरेपर्यंत उतरते, आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत शिरते. निबचे टोक कागदाला टेकले की कागदाचे तंतू शाई ओढून घेतात. बॉलपेनमधील शाई तेलकट व दाट असते, आणि टोकाची गोळी कागदावर फिरली तरच ती उतरते. म्हणून ते पेन काहीसे उभे धरून दाबावे लागते. फाउंटन पेन कलते धरून कागदावर नुसते टेकवले तरी पुरते. सारे श्रम शाई आणि कागद आपसांत वाटून घेतात. हाताने फक्त वाट दाखवायची.

माझी नोकरी तालुक्याच्या गावी, एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात, कारकुनाची होती. तेथे बॉलपेनचेच राज्य होते, आणि ते रास्तही होते. पावती पुस्तकात कार्बन घालून दोन प्रती काढायच्या, तर दाब हवाच. पुढे टेबलावर संगणक आला आणि लिहिणे सहीपुरते उरले. वयाच्या 43व्या वर्षी मी तुमच्यासारखेच दूरशिक्षणाच्या पदवीसाठी नाव नोंदवले. सरावासाठी घड्याळ लावून पहिली उत्तरपत्रिका लिहायला बसलो, तेव्हा तिसऱ्याच पानावर अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ येऊ लागली. अक्षर माझे मलाच ओळखू येईना. तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवले असेल. ज्या हातांनी वर्षानुवर्षे भाकरी थापली, नांगर धरला, गाडीचे चाक फिरवले, तेच हात कोऱ्या कागदापुढे अवघडून जातात, आणि आता या वयात हे आपल्याला जमायचे नाही, असे मन सांगू लागते. हात दुखत असतो. आपण मात्र त्याचा दोष बुद्धीच्या माथी मारतो.

आमच्या कार्यालयातील एक निवृत्त हेडक्लार्क अधूनमधून येऊन बसत. माझा हात पाहून ते म्हणाले, “अहो, तुम्ही पेनाचा गळा धरलाय. दाबू नका, त्याला चालू द्या.” त्यांच्या सांगण्यावरून मी स्टेशनरीच्या दुकानातून 150 रुपयांचे एक साधे फाउंटन पेन आणि निळ्या शाईची दौत आणली. पहिला आठवडा हात जुन्या सवयीने दाबतच राहिला. दाबले की निबच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ जाड होते. आपली चूक पेन तेथल्या तेथे दाखवते. हळूहळू बोटांची पकड सैल झाली. महिनाभराने मी सलग सहा पाने लिहू लागलो, आणि मनगटाची आठवण आली ती लिहून झाल्यावर.

आणखी एक बदल माझ्या ध्यानात उशिरा आला. या शाईला वाळायला काही क्षण लागतात. पान लगेच उलटता येत नाही. पूर्वी टीपकागद असे. माझ्यापाशी तो नव्हता, म्हणून मी थांबत असे, आणि थांबलो की नुकतेच लिहिलेले वाक्य पुन्हा वाचत असे. पुष्कळदा त्या वाचनातच कळे की, हे वाक्य मी पुस्तकातून उचलले आहे, त्याचा अर्थ मला लागलेला नाही. मग समासात मी तेच माझ्या शब्दांत लिहू लागलो. माझ्या टिपणवह्यांचे समास त्यामुळे पानांहून अधिक वाचनीय झाले.

शाईची आठवण माझ्या घरात मात्र वेगळी आहे. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. जमिनीच्या वाटणीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. लिहिणाऱ्याने तिचा हात धरला, अंगठा पॅडवर फिरवला, कागदावर टेकवला आणि हात सोडून दिला. कागदात काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवले नाही. घरी आल्यावर ती चुलीपाशी बसून राखेने अंगठा घाशीत राहिली. जांभळा डाग दोन दिवस गेला नाही. पुढे नोकरीत मीही पुष्कळांचे अंगठे पॅडवर टेकवले. आधी कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. आता लिहिताना माझ्या मधल्या बोटाला शाई लागते, आणि ती धुण्याची मला घाई नसते. आजीच्या अंगठ्याच्या शाईने दुसऱ्याने लिहिलेले मान्य केले. माझ्या बोटाची शाई माझे म्हणणे लिहिते. हे अंतर दोन पिढ्यांचे आहे, आणि तुमच्याही घरात मागे वळून पाहिलेत तर असा एखादा अंगठा बहुधा सापडेल.

स्वतःच्या हाताने लिहिण्याला आपल्या परंपरेत मोठे मोल आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 19व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, बोरू आणि शाई यांचा विचार इतक्या आस्थेने यावा, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचण्यासारखी आहे. ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर, तसेच ते शेवटपर्यंत असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांची एक सूचना मला विशेष जवळची वाटते: तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामास येत नाही, मध्यम अक्षर लिहावे. चष्म्याशिवाय ज्यांना स्वतःचे टिपण वाचता येत नाही, त्या आपणा सर्वांना हे पटावे. आपण लिहिलेले पुढे आपणच वाचणार आहोत, हा विचार त्या सूचनेमागे आहे.

आता थोडे व्यवहाराचे. पेन महाग असण्याची गरज नाही. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे दाटीने येतात. निब फार जाड असेल तर ती बुजतात, म्हणून बारीक किंवा मध्यम निब घ्यावी. कागद निवडताना दुकानातच एक रेघ ओढून पाहावी. शाई फुटून रेघेला कुसे आली किंवा पाठीमागे उमटली, तर ती वही या पेनासाठी नव्हे. कोकणातील पावसाळ्यात चांगला कागदही सर्द होऊन शाई फुटू देतो. विदर्भातील मे महिन्यात टोपण उघडे राहिले तर निब पाहता पाहता सुकते. ड्रॉपरने शाई भरण्याच्या पेनात शाई कमी उरली की हाताच्या उबेने आतील हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर लोटते. म्हणून असे पेन पूर्ण रिकामे होण्याआधीच भरावे. खिशात निब वरच्या बाजूला ठेवावी. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पेन धुवावे, निथळलेले पाणी स्वच्छ येईपर्यंत. रविवारच्या दुपारी हे काम करताना मला जे समाधान मिळते, त्याचे कारण मी शोधलेले नाही.

शाईविषयीही दोन गोष्टी जाणून असाव्यात. आपले पूर्वज काजळी आणि डिंक यांची शाई करीत. काजळी म्हणजे कार्बन. तो प्रकाशाने विटत नाही. म्हणूनच जुने मोडी कागद पिवळे पडले तरी अक्षरे काळी राहिली. पण ती शाई बोरूची. फाउंटन पेनात घातली तर खाचा बुजून पेन बंद पडते. आजच्या पेनाची शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. धुऊन जाणारी निळी शाई रोजच्या टिपणांना उत्तम, कपड्यांवरही दया करणारी. पण तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी ओळ वाहून जाते. परीक्षेला, अर्जाला, दस्तऐवजाला पक्की शाई घ्यावी, आणि परीक्षेच्या सूचनांत कोणता रंग चालतो तेही पाहून घ्यावे. घरच्या वहीत मात्र मन मोकळे करावे. मी कवितेची टिपणे हिरव्या शाईत ठेवतो आणि व्याकरणाची निळ्या-काळ्या शाईत. वही उघडताच आपण कोणत्या मुलुखात आहोत, ते कळते.

या दौतींनाही त्यांचा इतिहास आहे. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करण्यापासून जो उद्योग आरंभला, तोच पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून घरोघरी पोहोचला. 1934 साली बंगालमध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने ‘सुलेखा’ शाई निघाली. आंध्रातील राजमुंद्रीच्या ‘रत्नम’ पेनामागेही गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहाचा धागा आहे. आपले म्हणणे आपल्या पेनाने, आपल्या शाईने लिहावे, असे त्या पिढीला वाटत होते. आपण लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करतो आणि पाटीपूजनाला सरस्वती काढतो, त्या भावनेपासून हे फार दूरचे नाही.

तुम्ही म्हणाल, पेनाने गुण थोडेच वाढतात? वाढत नाहीत. वेळ वाचवायचा असेल तर बॉलपेन सोयीचे आहे, आणि फोनवर बोलून टिपणे काढणे त्याहून सोयीचे. ज्यांचा दिवस पाळीत, शेतात किंवा लेकरांच्या मागे जातो, त्यांना सोय नाकारण्याचा उपदेश मी करणार नाही. मी एवढेच सुचवीन की, प्रत्येक घटक वाचून झाल्यावर अर्धे पान तरी शाईच्या पेनाने, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहावे. वर्षअखेरीस ती वही चाळून पाहा. कोठे शाई संपत आल्याने अक्षर फिकट झालेले असेल आणि पुढच्याच शब्दाला गडद. कोठे झोपेमुळे ओळ उतरत गेलेली. कोठे कोणीतरी हाक मारली म्हणून वाक्य अर्धे सोडून निब टेकलेली राहिली आणि एक गोल ठिपका पडला. त्या ठिपक्यानंतर, बहुधा वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या शाईत, तुम्ही ते वाक्य पूर्ण केलेले असेल.