घोडा दिसला का?

निघताना आईने एकच काम सांगितलं होतं, "घोडा नीट बघून ये." तिला आता माळवदाचा जिनासुद्धा चढवत नाही, वारी तर लांबच राहिली. मीही पायी वारी कधी केलेली नाही. रजा मिळत नाही, पाऊस असतो, कारणं तयारच असतात. पण बाजीरावच्या विहिरीचं रिंगण एकदा बघायचंच, असं बरीच वर्षं मनात होतं. त्या आषाढात नवमीला पहाटे निघालो, पोलिसांनी अडवलं तिथे गाडी लावली आणि भंडीशेगावकडून येणाऱ्या दिंड्यांमध्ये मिसळून चालायला लागलो.

आमच्या घरात वारी होती ती आजीची. लोणंदला माउलींची पालखी आली की ती एका दिंडीला जाऊन मिळायची आणि पौर्णिमेचा काला झाल्यावरच परतायची. आल्यावर पाय धुवायच्याही आधी पदराची गाठ सोडायची. गाठीत माती असे. रिंगणात घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती घ्यायला माणसं झेपावतात, त्यातली चिमूटभर. ती आमच्या कपाळाला लावायची, चुरमुरे-बत्तासे वाटायची आणि मग सांगायला बसायची. रिंगणात घोडे दोन, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसरा माउलींचा, त्यावर कुणी बसत नाही. "बसत नाही म्हणजे आपल्याला दिसत नाही," हे वाक्य ती दरवर्षी तितक्याच गंभीरपणे म्हणायची आणि आम्ही पोरं दरवर्षी गप्प व्हायचो. आईने रिंगण पाहिलं ते असं, चुलीपुढे बसून, सासूच्या तोंडून.

म्हणून मी ठरवलं होतं की या वेळी आईला थेट दाखवायचं. घरच्या ग्रुपवर तसं जाहीरही करून टाकलं. भाच्याने लगेच अंगठा दिला.

माळावर पोचलो तेव्हा गोल धरून झाला होता. मधे पालखी, तिच्याभोवती टाळकरी, मग घोड्यांसाठी मोकळी वाट आणि बाहेर आम्ही बघे. मला तिसरी रांग मिळाली. एवढ्या माणसांत मोबाइलला रेंज कुठली! आईला फोन लावला तर चक्र नुसतं फिरत राहिलं. थेट नाही तर नाही, रेकॉर्ड तरी करू, म्हणून हात उंच करून उभा राहिलो. पुढच्या दोन्ही रांगांनी हेच केलं. घोडे यायच्या आधीच माझ्या पडद्यावर मला दहा-बारा पडदे दिसत होते आणि त्या प्रत्येकात एकच रिकामी वाट.

मग ओरडा उठला. "माउली, माउली!" टाळांचा आवाज एकदम चढला, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. मी मान वाकडी करून लाल ठिपका लुकलुकतोय ना ते बघत होतो. पुढच्याचा कोपर आडवा येत होता, म्हणून हात डावीकडे नेला. तेवढ्यात उजवीकडून काहीतरी गेलं, अंगावर वारा आला. परत फेरी येईल म्हणून फोन नीट धरला. फेरी आली, तेव्हा पडद्यावर उजेडाची तिरीप पडली होती. आणि मग गर्दी फुटली. सगळी माणसं मातीकडे धावली आणि माझ्या लक्षात आलं की झालं, संपलं.

शेजारी एक म्हातारी बाई उभी होती. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात चिखलाने भरलेल्या चपला. तिने विचारलं, "माउली, घोडा दिसला का?"

"रेकॉर्ड केलाय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती तिच्या नजरेत, बहुधा तिला नीट ऐकू आलं नव्हतं. "न्हाई दिसला व्हय?" म्हणाली आणि आपल्या मुठीतली थोडी माती माझ्या तळहातावर ओतली.

ती कशात ठेवायची ते कळेना. शेवटी खिशातल्या पेट्रोलच्या पावतीत पुडी बांधली. दोन्ही हात लागणार होते, म्हणून फोन खिशात गेला.

त्यानंतर उडीचा खेळ सुरू झाला. हा भाग आजीने कधी फारसा रंगवला नव्हता, का कोण जाणे. टाळकरी पालखीभोवती दाटून बसले. पखवाजाची लय धीमी होती. बसल्या बसल्याच सगळे डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, वाऱ्यावर ज्वारी हलते तसे. लय वाढली तसे उठले आणि उडी घेऊन पुन्हा खाली टेकले. साठीच्या पुढचा एक माणूस अगदी कडेला होता. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, ती रक्ताने काळी पडलेली. टाळाची दोरी बोटांत रुतून बोटं पांढरी झाली होती. प्रत्येक उडीला तो शेजाऱ्याकडे बघून असा हसायचा, जणू दोघांनी मिळून कुणाच्या तरी झाडाच्या कैऱ्या पाडल्यात. मी किती वेळ तिथे होतो, सांगता येत नाही. पाय भरून आले तेव्हा कळलं.

रात्री घरी पोचलो. आई जागीच होती. व्हिडिओ लावून दिला, 1 मिनिट 47 सेकंदांचा. आवाज छान आला होता. चित्रात हात, टोप्या, आभाळ. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला काहीतरी फिकट सर्रकन जातं.

"हाच का?"

"हाच."

"रंग कोणता होता रे माउलींच्या घोड्याचा?"

मी तिथे व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. नुसते चौकोन दिसले. भाच्याने तोवर ग्रुपवर लिहिलं होतं, 'मामा, पुढच्या वेळी स्लो मोशन.'

आईने चष्मा काढून ठेवला. मी पावतीची पुडी तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, वास घेतला, कपाळाला लावली, मग माझ्याही.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली, "दुसरं काय काय पाहिलंस?"

मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो. ते लोक कसे झुकत होते ते बसल्याशिवाय दाखवता आलं नसतं.