पहाटे चारचा तास

लग्न झाले तेव्हा माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष राहिले होते. ‘सासरी आल्यावर पूर्ण कर’ असे सगळेच म्हणाले होते. पण इंदूरला आले, संसारात पडले, मुले झाली आणि ते वर्ष राहूनच गेले. धाकटी शाळेत जाऊ लागल्यावर, २००९ साली, धीर करून मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात नाव घातले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! वहीच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले, ‘बी.ए., २०१२.’

दोन वर्षे बरी गेली. २०११च्या सप्टेंबरात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना भरवणे, अंग पुसणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणे, हेच माझे घड्याळ झाले. भेटायला आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “आता ती पुस्तके बांधून ठेव गं बाई.” मी खरोखरच ती जुन्या साडीत बांधून माळ्यावर टाकली.

खरे सांगते, त्या दिवसांत मला सासूबाईंचा राग यायचा. एकदा त्यांना पेज भरवताना मी वाटी जरा जोरातच आपटली. त्या बिचाऱ्या काय बोलणार? डाव्या हाताने त्यांनी माझा पदर नुसता धरून ठेवला. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. राग त्यांचा नव्हताच मुळी, माळ्यावरच्या त्या गाठोड्याचा होता.

दुसऱ्या दिवशी गाठोडे खाली काढले आणि विद्यापीठाची माहितीपुस्तिका पुन्हा नीट वाचली. तीन वर्षे ही कमीत कमी मुदत होती. जास्तीत जास्त सहा वर्षे मिळत होती! एका क्रेडिटला तीस तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे रोज एक तास दिला तर महिन्याला एक क्रेडिट. माझी बत्तीस उरली होती. बत्तीस महिने! ऐकायला फार, पण मुदतीत बसणारे.

तो तास आणायचा कुठून? रात्री मी ह्यांच्याजवळ विषय काढला. ते म्हणाले, “बारा आणि दोनची पाळी माझी. तू झोप.” इतके दिवस मी मागितलेच नव्हते! पहाटे चारला उठून मी आईंची कूस बदलायची आणि त्यांच्या पलंगाशेजारीच पुस्तक उघडायची. पुढे त्या जाग्या राहू लागल्या. मग मी इतिहास मोठ्याने वाचू लागले. अहिल्याबाईंचे नाव आले की त्यांचा चेहरा खुलायचा.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. मुलांची आजारपणे आली, एका विषयात नापासही झाले. पण परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. जूनमध्ये गेलेला विषय डिसेंबरात सुटला.

२०१४च्या ऑगस्टमध्ये आई गेल्या. चौदाव्या दिवशी पहाटे चारला गजर वाजला. कूस बदलायला कुणी नव्हते. मी रिकाम्या पलंगाकडे बघत बराच वेळ बसून राहिले. मग पुस्तक उघडले आणि सवयीने मोठ्यानेच वाचू लागले.

डिसेंबरात शेवटचे दोन पेपर दिले आणि पास झाले. वहीच्या पहिल्या पानावरचे ‘२०१२’ खोडून तिथे नवे साल लिहिले. ‘बी.ए.’ ही अक्षरे मात्र होती तशीच राहिली.

आपण ठरवलेले काम आणि त्याची ठरवलेली तारीख यांची गल्लत करतो. तारीख हुकली की कामच बुडाले असे समजून गाठोडे बांधतो. तुमच्याही माळ्यावर असे एखादे गाठोडे असेल, तर ते खाली काढा. सगळे आजच सोडवायला नको. रोज एक तास पुरतो. आणि तो मिळत नसेल, तर घरातल्यांकडे मागायला लाजू नका.