मृत साठा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आई मला पाटी देऊन गंगेवर पिटाळायची. आमच्या निफाड तालुक्यात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या काठचा मुलूख गंगथडी. काठावरचा वाळसर थर हाताने बाजूला सारायचा आणि खालचा, लोण्यासारखा लागणारा काळा गाळ पाटीत भरायचा. आई त्याचे बैल करी. शिंगं काही तिला जमायची नाहीत. वाळली की गळून पडायची. मग तिथे बाभळीचे काटे खोचायचे. असे काटेरी शिंगांचे दोन बैल पाटावर उभे राहिले की गोठ्यातल्या बैलांआधी त्यांना पुरणपोळी दाखवली जाई.

1969 साली महापूर आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाणी ओसरलं तेव्हा आमच्या वावरात बाजरी नव्हतीच. होता तो नुसता सपाट, चकचकीत चिखल. आई बांधावर बसून रडत होती. माझे वडील, नाना, खाली उतरले. पायाच्या अंगठ्याने त्यांनी चिखल उकरला, मूठभर उचलून दाबला. त्याचा लाडू झाला, फुटला नाही. “वीतभर पोयटा बसलाय,” ते म्हणाले. “आता गव्हाला बघ.” त्या हिवाळ्यातला गहू माझ्या छातीला लागत होता. आठ वर्षांच्या पोराची छाती ती केवढी, पण मला ते चांगलं आठवतं.

पुढे मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत लागलो आणि हाच गाळ मला कागदावर भेटला. तिथे त्याला ना वास होता, ना पोयटा हे नाव. वाहती नदी जलाशयात शिरली की तिचा वेग मरतो. जाड वाळू तोंडाशीच पडते, बारीक माती भिंतीच्या दिशेने सरकत राहते आणि सावकाश तळाला बसते. ती बसणार हे धरून धरण बांधताना तळाची काही जागा आधीच सोडलेली असते. सर्वांत खालच्या दाराच्याही खाली उरणारं हे पाणी, ही जागा, म्हणजे मृत साठा. गोदावरीवरच्याच जायकवाडी धरणाचा एकूण साठा 102 टीएमसी, त्यातला 26 टीएमसी मृत. दुष्काळात धरण मृत साठ्यात गेल्याच्या बातम्या येतात तो हाच. नोकरीभर हे दोन शब्द मी किती तक्त्यांत लिहिले असतील, गणती नाही. लिहिताना एकदाही आईचे बैल आठवले नाहीत.

माझ्या हिशेबात पहिली गफलत केली ती नांदूर मधमेश्वरने. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बंधारा घातला. पाठीमागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणगवत माजलं. खात्याच्या भाषेत ही क्षमतेची घट. पण हिवाळ्यात चापडगावच्या बाजूने गेलो की त्या घटीवर हजारो पक्षी उतरलेले दिसत. चक्रवाकाच्या जोड्या, कमळपक्षी, चिखलात चोच खुपसून चालणारे तुतवार. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण म्हणून 2020 मध्ये जाहीर झालं. एकाच गाळाच्या दोन सरकारी नोंदी होत्या. एकीत तो तोटा होता, दुसरीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, गंगा संपते कुठे ते एकदा पाहून यायचं. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली ही नदी 1465 किलोमीटर चालते. शाळेत भूगोलाच्या गुरुजींनी फळ्यावर त्रिकोण काढून ‘त्रिभुज प्रदेश’ असं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात शेवट म्हणजे तो खडूचा त्रिकोण. राजमहेंद्रीला पुलावरून पात्र पाहिलं आणि आमच्या घाटावर जिच्या पलीकडे दगड फेकता येतो ती हीच, हे पटवून घ्यायला थोडा वेळ लागला. खाली धवळेश्वरम, जिथे आर्थर कॉटनने 1852 मध्ये बंधारा पुरा केला. त्या इंग्रज इंजिनिअरला तिथले शेतकरी अजून हात जोडतात. खात्यातला माणूस म्हणून मलाही बरं वाटलं.

बंधाऱ्याखाली नदी फाटते. एक फाटा गौतमी, एक वसिष्ठा. परंपरेने सात शाखा मानतात आणि त्यांना ऋषींची नावं आहेत: आत्रेय, भारद्वाज, कौशिक अशी. नावं ऐकली आणि ऋषिपंचमी डोळ्यांपुढे आली. पाटावर सात सुपाऱ्या मांडून आई हीच नावं घ्यायची, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून परसातली भाजी रांधायची. आमच्याकडे सुपारीत बसणारे ऋषी इथे पात्र धरून समुद्राकडे निघाले होते. पात्रातल्या गाळाच्या बेटांना तिथे ‘लंका’ म्हणतात. पूर आला की लंका पाण्याखाली जाते, ओसरला की शेतकरी पुन्हा पेरायला उतरतो. अशा एका लंकेवर वाकलेला माणूस दुरून थेट नानांसारखा दिसला.

काकीनाड्याजवळचं कोरिंगा हे गौतमीच्या मुखाकडचं खारफुटीचं जंगल. अभयारण्य 1978 चं, साधारण 235 चौरस किलोमीटरचं. एके काळी कोरिंगा मोठं बंदर होतं. 1839 च्या चक्रीवादळाने ते धुऊन नेलं. आता तिथे लाकडी पूलवाट आहे, तिच्यावरून तिवरांच्या माथ्यांमधून चालत जायचं. खाली चिखलात तिवराची श्वासमुळं पेन्सिली खोचाव्यात तशी हजारोंनी उभी. भरतीचं पाणी आलं की पहिली बुडतात तीच.

भरती-ओहोटी पाहून एका नावाड्याने मला खाडीत नेलं. काठाला लागून त्याने इंजिन बंद केलं. उघड्या गाळावर निवट्यांची धांदल चालली होती. मासाच, पण पाणी सोडून कल्ल्याजवळच्या परांवर रेटत चालणारा. दोन नर कंगोरा उभारून एका बिळावरून भांडत होते. त्यांच्या पलीकडे चार बोटांचा, नखं न उमटलेला ठसा पाण्यापर्यंत गेलेला. “रात को मछली पकडनेवाली बिल्ली,” नावाडी म्हणाला. मासेमार मांजर काही दिसलं नाही. वळणावर पाणमांजरांची तीन डोकी मात्र वर आली, आमच्याकडे पाहून फुसकारली आणि बुडाली. मी काठावरून हात लांबवून चिमूटभर गाळ घेतला, बोटांत चोळला. खारट वास सोडला तर तोच स्पर्श.

इथे तो बसतो कसा, हे मला कागदावर ठाऊक होतं. गोड्या पाण्यात सुटे तरंगत आलेले चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्याला भिडले की एकमेकांना चिकटतात, जड होतात, खाली बसतात. श्वासमुळं पाण्याचा वेग मारतात. नव्या थरावर तिवराचं रोप धरतं, ते आणखी गाळ अडवतं. वेग मेला की गाळ बसतो, हा धरणातलाच नियम. फक्त इथे बसलेल्या गाळाला कुणी मृत म्हणत नव्हतं. त्याच्यावर निवटा भांडत होता आणि मांजर शिकार करत होतं.

“आप कहाँ से, सार?” नावाड्याने विचारलं. नाशिकजवळचा म्हणताच त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवून हात जोडले. मला नव्हे, दिशेला. मग सहज म्हणाला, “पानी तो आता है. मिट्टी पहले जैसी नहीं आती. उधर समंदर अंदर आ रहा है.”

मी काही बोललो नाही. गोदावरीच्या मुखाशी येणारा गाळ वरच्या धरणांमुळे घटला आणि किनारा काही ठिकाणी मागे हटतो आहे, हे अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे आणि माझ्या वाचनात ते आलंही होतं. पण त्या माणसाला हवी असलेली माती कुठे आहे हे मला तक्त्यासकट माहीत होतं. चाळीस टक्के, पन्नास टक्के अशा साठ्यांच्या ओळींखाली शेवटच्या रकान्यात मी स्वतः ती लिहीत आलो होतो.

धरण नको असं मी म्हणणार नाही. नानांच्या गव्हाला शेवटचं पाणी कालव्याचंच मिळायचं आणि माझी पेन्शनही त्यावरच चालते. तलावातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना 2017 मध्ये सुरू झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वावरात पडणारा तो काळा ढीग पाहिला की नानांची मूठ आठवते. माझी तक्रार आहे ती शब्दाविषयी. ज्या गोष्टीला आपण मृत म्हणतो तिची कुणीतरी खाली वाट पाहत असेल, हे मनात येत नाही. मला ते यायला सगळी नोकरी आणि वर एक रेल्वेप्रवास लागला.

यंदा पोळ्याला नातीला घेऊन गंगेवर गेलो. पाटीऐवजी प्लास्टिकची बादली होती. तिने बैल केला. शिंगं गळून पडली, आम्ही बाभळीचे काटे खोचले. नैवेद्य झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो नांदूरला पाण्यात सोडला. विरघळायला त्याला दहा मिनिटं लागली. वर पाऊस चांगला झाला होता, बंधाऱ्याची दारं उघडी होती. खाली जायकवाडी आहे.