लायनरचा वास

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. वाई–महाबळेश्वर गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली. सुट्टीत मी कधी कधी त्यांच्या मागच्या बाकावर बसून जायचो. पसरणी घाट उतरून गाडी वाईच्या स्टँडवर लागली की ते खाली उतरून एक फेरी मारायचे आणि प्रत्येक चाकाशी हाताची पालथी बाजू धरायचे. टेकवायचे नाहीत, वीतभर लांबच. एखाद्या दिवशी पुढं रखडणारा ट्रक असला, सारखा ब्रेक मारावा लागला, की चाकांमधून करपट, नाकात बसणारा वास यायचा. "लायनर तापलं," एवढंच म्हणून ते चहाला जायचे, आणि त्या दिवशी चहाला जरा जास्त वेळ लावायचे.

पाचगणी ते वाई बाराएक किलोमीटर, आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटरहून जास्त उतार. चढताना जो गिअर तोच उतरताना, हा त्यांचा नियम. नुसता ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हता. ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब सरकतो, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, पायाला कळलेलं होतं. सातवीत असताना मी त्याच घाटातून सायकल सोडली. खाली आल्यावर रिमला बोट लावलं आणि चटका बसला. वेग कुठं जातो, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढं शिकलो, कॅलिफोर्नियात आलो, आणि चाळिशीच्या आसपास रेसट्रॅकवर गाडी चालवायचा नाद लागला. गाडी इलेक्ट्रिक, चार दारांची, माझ्यासकट एकोणीसशे किलोंच्या वर. मॉन्टेरेजवळच्या लागुना सेका ट्रॅकवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझं सगळं लक्ष कॉर्कस्क्रूकडे होतं. त्या वळणावर रस्ता पायाखालून काढून घेतल्यासारखा अठरा मीटर खाली जातो. फजिती झाली ती मात्र दुसऱ्या वळणावर. चौथी फेरी होती. सरळ पट्टा संपला, ब्रेक मारला, आणि पेडल मऊ लोण्यासारखं जमिनीला टेकलं. पाय दोनदा पंप केला, थोडा ब्रेक आला, आणि मी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन थांबलो. गाडीला ओरखडा नाही, मला इजा नाही. पण दार उघडलं आणि तोच वास आला. पसरणीचा. हातापायांतलं बळ गेलं ते त्या वासानं.

संध्याकाळी चाक काढून पॅड हातात घेतले. त्यांच्यावरच्या घर्षणाच्या मसाल्याच्या कडा बिस्किटासारख्या भुरभुरत होत्या, पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी आली होती, आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनभोवतालचं धूळरोधक रबर करपून तडकलेलं. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं जुनं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. एसटीला हवेचे ब्रेक, तिथं ड्रम फुगायची भीती. इथं दुखणं वेगळं, मूळ कारण तेच.

मी हिशेब मांडला. ताशी 180 वरून 90 वर यायचं तर या वजनाच्या गाडीला तीन-चार सेकंदांत जेवढी उष्णता टाकावी लागते, तेवढ्यात पाच लिटर गार पाणी उकळेल. एका फेरीत असं कितीदा तरी. त्यात इलेक्ट्रिक गाडीची आणखी एक खोड आहे. वेग कमी करताना मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत भरते, तेवढा भार ब्रेकवरून उतरतो. पण सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर वीज ठेवायला जागाच नसते, आणि बॅटरी फार तापली की ती घ्यायला नकार देते. मग सगळा भार पॅडवर. म्हणून मी आता पूर्ण चार्ज करून ट्रॅकवर जात नाही.

त्या रात्री मी सहा पिस्टनचे लालभडक कॅलिपर मागवायच्या बेतात होतो. ट्रॅकवरच्या एका जुन्या मेकॅनिकनं थांबवलं, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यानं विचारलं, पहिल्या फेरीत गाडी थांबत होती ना? होती. मग थांबवायचं काम टायर करतो, तो बदलत नाहीस तोवर अंतर कमी होणार नाही. मोठा कॅलिपर, मोठी डिस्क यांचं काम पुन्हा पुन्हा तसंच थांबवण्याचं. शिवाय पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की पेडल खोल जातं, आणि फक्त पुढचेच बदलले तर पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो. आधी ऑइल, मग पॅड, मग डिस्ककडे हवा नेणारी नळी. एवढं करून नाही भागलं तर कॅलिपर.

पॅड निवडणं सर्वांत अवघड गेलं, आणि माझ्या मते खरी निवड तीच. ट्रॅकचा मसाला तापल्याशिवाय नीट पकडत नाही, किंचाळतो, डिस्क खातो. इलेक्ट्रिक गाडीत तर रोजच्या रस्त्यावर मोटरच गाडी हळू करते, पॅड जवळजवळ गारच राहतात. म्हणजे ऑफिसला जाताना अचानक मूल आडवं आलं, तर ज्या पॅडवर भरवसा ठेवायचा तो झोपलेला. सगळीकडे चालेल असा एकच पॅड मी शोधत राहिलो, तो मिळाला नाही. आता दोन जोड आहेत. ट्रॅकच्या आदल्या रात्री गॅरेजमध्ये पिना काढतो, पिस्टन हळूहळू मागं ढकलतो, ऑइल डब्याबाहेर सांडत नाही ना ते बघत. नव्या पॅडला आधी डिस्कवर बसवावं लागतं. रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा जोरात ब्रेक, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही, मग ब्रेक न लावता गार करत फिरायचं. डिस्कवर मसाल्याचा पातळ, एकसारखा थर चढतो, आणि पकड त्या थराची असते.

ब्रेक पॅडच्या धंद्याचा उगमही उतारावरच आहे. हर्बर्ट फ्रूड या इंग्रजानं डर्बीशरच्या डोंगरात घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचं चामडं लावलेलं पाहिलं, आणि 1897 मध्ये ब्रेकचे ठोकळे बनवायला घेतले. त्याच्या आडनावातली इंग्रजी अक्षरं फिरवून, त्यांत एक E घालून फेरोडो हे नाव झालं. त्या नावाचे पॅड आजही रेसच्या गाड्यांत बसतात. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याच्याकडंबी घाट होता."

गेल्या वर्षी ते इथं आले होते. सांताक्रूझहून परतताना हायवे 17 च्या उतारावर मी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडी आपली आपण सावकाश झाली. अण्णांनी माझ्या पायाकडे वाकून पाहिलं. ब्रेकवर पाय नव्हता. "ही दुसऱ्या गिअरात उतरतीया," ते म्हणाले. मी सांगितलं, पाचगणीहून वाईला उतरली तर ही दीडेक युनिट वीज परत भरून घेईल. घरी पोचल्यावर ते उतरले, गाडीभोवती फेरी मारली, चारही चाकांशी हाताची पालथी बाजू धरली. सगळी गार.

ते वाईला परत गेले आहेत. ट्रॅकचा दिवस असला की संध्याकाळी त्यांचा फोन येतो. किती वेळ लागला, कितवा आलास, काही नाही.

"वास आला का?"

"नाही, अण्णा."

"ऑइल कवा बदललंस?"