खरखर

कोल्हापूर हे गाणारे गाव. येथे देवल क्लब स्थापन झाला. अशा गावी गिटारीच्या आवाजाचे बटण फिरविताना होणारी खरखर कोणाला सोसवेल?

वादक नवे बटण मागतो. ते विकले तर कारागिराला चार पैसे अधिक मिळतील. पण तो आधी दोष शोधतो. बटणाखाली कार्बनचा पट्टा असतो. त्यावरून धातूची जीभ सरकते. दोहोंमध्ये धूळ साचली की स्पर्श तुटक होतो. कारागीर तेथे सफाईच्या द्रवाचे थेंब सोडून बटण अनेकदा मागेपुढे फिरवितो. मळ निघताच सूर निर्मळ होतो. पट्टाच झिजला असेल, तरच तो बटण बदलतो. ध्वनिवर्धक मात्र जाणत्यानेच उघडावा. तार काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

टाकण्यापूर्वी दोष पारखणे, हेच कारागिराचे इमान होय.