बैलगाडीची पत

शिकारीच्या गोष्टीत बार उडतो, जनावर पडतं आणि गोष्ट संपते. त्याआधी तासन् तास काय चाललं होतं, ते सांगणारा घाईने उरकतो. खरी विद्या मात्र तिथेच असते. वारा कुठून येतोय, उन्हाची तिरीप कोणाच्या डोळ्यांत जातेय, कळप निवांत चरतोय की संशयाने उभा आहे, पुढचं पाऊल टाकायचं की थांबायचं, हे सगळं ज्याला कळतं तोच जनावराच्या जवळ जाऊ शकतो. ही विद्या पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्याने आपली सकाळ, आपलं रान आणि आपली हक्काची पुढची जागा नवख्याला दिली, तरच ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मला ती सुरतेत हिरे घासणाऱ्या एका शेजाऱ्याने दिली. आमच्यापाशी बंदूक नव्हती आणि तिची उणीव क्षणभरही भासली नाही.

आम्ही गोडादऱ्याचे, म्हणजे मुळात खानदेशातले. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या सुरतेच्या पट्ट्यात अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबारकडची माणसं लूमवर आणि साडीच्या मार्केटात कामाला आली आणि इथलीच झाली. श्रावणात आमच्या गल्ल्यांतून वाजतगाजत कानबाई निघते. संध्याकाळी ओट्यांवर अहिराणी ऐकू येते. शेजार मात्र साऱ्या मुलखांचा. त्यात सौराष्ट्रातून हिऱ्याच्या कामासाठी आलेली कुटुंबंही आहेत. माझे हे शेजारी त्यांतलेच, भावनगर जिल्ह्यातल्या भाल भागातले. आयुष्यभर घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर बसून, डोळ्याला भिंग लावून खड्याचे पैलू तपासलेला माणूस. सुरतेतले गुजराती मराठी माणसाला ‘भाऊ’ म्हणतात, तसं तेही मला म्हणायचे. ते वयाने मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या गावाची हरणं त्यांच्या बोलण्यात सारखी यायची. एकदा मी म्हटलं, मलाही बघायचीत. त्यावर ते म्हणाले, “मग जीपमधून काय बघता? घरी चला माझ्या. आमच्या शेतात येतात ती.”

सुरतेहून भावनगरला जायचं तर खंभातच्या आखाताला वळसा घालून पावणेचारशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागे. २०२० साली हजिरा ते घोघा अशी रो-रो बोट सुरू झाल्यापासून तेच अंतर समुद्रातून नव्वद किलोमीटरच्या आसपास आलं. आम्ही बोटीनेच गेलो. भावनगरहून उत्तरेला निघालं की भाल लागतो: सपाट, खारवट, नजर पोचेल तिथवर उघडा मुलूख. विहिरीचं गोडं पाणी दुर्मीळ. पावसाची जी ओल जमिनीत मुरते तिच्यावरच इथला भालिया गहू येतो, वर पाणी न देता. दाणा लांबट, कडक, रव्याला नामी. या गव्हाला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच मुलखात वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे. १९७६ साली झालेलं, क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर. उद्यानात गाडीतूनच फिरावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण काळविटाला उद्यानाची हद्द ठाऊक नसते. रात्री-पहाटे कळप शेतांत उतरतात आणि ऊन चढलं की पुन्हा गवताकडे वळतात.

फेब्रुवारीचे दिवस होते. पहाटे काकांच्या आईने, बांनी, चुलीवरचा बाजरीचा रोटला, वर तुपाची धार आणि गुळाचा खडा असं ताटात वाढलं. पाहुणा अर्ध्या भुकेने रानात गेला तर घराला कमीपणा, असं त्या म्हणाल्या. काकांनी माझं निळं जाकीट उतरवून ठेवायला सांगितलं आणि स्वतःची मळकट पांढरी पछेडी माझ्या खांद्यांवर टाकली. मला वाटलं होतं, मातकट किंवा हिरवट काहीतरी घालायचं, वाकून, झुडपाआड दडत जायचं. दडायला झुडूपच नव्हतं. काका म्हणाले, “भाऊ, हरणाला आपण दिसणारच. लपून उपयोग नाही. आपण कोण दिसतो, तेवढं आपल्या हातात आहे.”

काकांच्या धाकट्या भावाने अजून बैलजोडी ठेवली आहे. तीच गाडी जुंपली. गाडीत वैरणीचे चार भारे, पुढे काका आणि त्यांचा भाऊ, त्यांच्या मागे मी. गव्हाच्या कडेने निघालो तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटत होतं. पहिला कळप काकांना दिसला, मला दिसलाच नाही. काकांनी बोटही दाखवलं नाही. बोट दाखवणं म्हणजे हात उंचावणं. त्यांनी हनुवटीने दिशा सांगितली. मला आधी ढेकळं दिसली, मग एक ढेकूळ मान वर करून बघू लागलं. खड्यातली केसाएवढी रेघ शोधणाऱ्या डोळ्यांना जे सहज सापडत होतं, ते माझ्या डोळ्यांना शिकावं लागत होतं.

काकांनी गाडी कळपाच्या दिशेने घातली नाही. डावीकडे घेतली, जणू आम्हाला पलीकडच्या शेताला जायचं आहे. थोडं गेल्यावर वळवली, पुन्हा तिरकी. दर वळणाला अंतर थोडं कमी व्हायचं. माद्यांनी माना वर केल्या की गाडी थांबवायची नाही, चालू ठेवायची. चालती गाडी थांबली की जनावराला शंका येते. बैलांच्या गळ्यातल्या घंटा त्यांनी मुद्दाम राहू दिल्या होत्या. “घुंगरू काढून चोरासारखं गेलो तर पळतील,” ते हळूच म्हणाले. “रोजचा आवाज आहे, राहू द्या.” आणि टक लावून बघू नका, हेही तेव्हाच सांगितलं. माणूस रोखून बघतो तेव्हा त्याचं सगळं अंग रोखलं जातं. हरणाला ते लांबूनही कळतं.

मग त्यांनी कासरा भावाकडे दिला, मागे सरकले आणि मला पुढे बसवलं. जुन्या शिकारीत मानाच्या पाहुण्याला पहिला बार देत असत. इथे पहिली नजर माझ्या वाट्याला आली.

नर एकटा उभा होता, कळपापासून थोडा अलग. शास्त्र काळविटाला खऱ्या हरणांत धरत नाही. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, याची आयुष्यभर डोक्यावर राहतात आणि त्यांना फाटे फुटत नाहीत. आपल्याकडे मात्र हरीण म्हटलं की आधी हाच डोळ्यांपुढे येतो. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, आणि पिळाची शिंगं मागे झुकलेली. तो नाक आभाळाकडे करून, कान पाडून, शेपटी वर उचलून चालत होता. ते त्याचं मिरवणं. जिथे उभा होता तिथे लेंड्यांचा ढीग होता. ती त्याची हद्द. वाळक्या काडीपाशी येऊन त्याने मान तिरपी केली आणि डोळ्याखालची चीर त्या काडीवर हळुवार घासली. तिथल्या ग्रंथीतून पाझरणारा वास तो हद्दीवर लावत होता. वेळावदरात विणीच्या हंगामात असे कितीतरी नर जवळजवळ हद्दी आखून झुंजतात आणि माद्या त्यांतून निवड करतात. उघड्या माळावरचा तो आखाडाच. माझ्यासमोर मात्र एकच होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. गाडी, बैल, पछेड्या, वैरण. ओळखीचं सगळं. मग तो पुन्हा आपल्या काडीकडे वळला.

त्याने आम्हाला जवळ येऊ दिलं, ते मी त्याला ठाऊक होतो म्हणून नव्हे. त्याला गाडी ठाऊक होती. सुरतेच्या मार्केटात नवखा व्यापारी जुन्या पेढीच्या पतीवर माल उचलतो, तसा मी काकांच्या पतीवर तिथवर पोचलो होतो. ती पत त्यांनी एकट्यानेही कमावलेली नव्हती. त्यांच्या बापाने, आज्याने, गावातल्या प्रत्येक गाडीवानाने वर्षानुवर्षं हरणाच्या बाजूने जाताना हरणाला इजा केली नाही, त्याची ती पुंजी.

आणि हीच पुंजी एकेकाळी दुसऱ्यांनी उधळली. आज जे उद्यान आहे ती भावनगर दरबारची राखीव कुरणं होती आणि तिथे महाराज चित्ते सोडून काळविटांची शिकार करत. चित्त्याला डोळ्यांवर टोपी बांधून बैलगाडीत बसवायचे. काळवीट बैलगाडीला बुजत नसे, म्हणून गाडी जवळ न्यायची, मग टोपी काढायची. हा शौक आमच्या मराठी मुलखातही होता. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात एकत्र शिकले आणि जन्मभर मित्र राहिले. दोन्ही संस्थानांत शिकारी चित्ते पाळले जात. देशातले चित्ते पुरेनात, तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. त्या चित्तेवानांचं कसब थोर होतं यात शंका नाही. शाहू महाराजांबद्दलचा माझा आदरही तसूभर ढळत नाही. पण शेतकऱ्याच्या गाडीवर हरणाने टाकलेला विश्वास त्या शिकारीत वापरला जाई आणि त्याची किंमत शेतकऱ्याला कोणी विचारली नसावी, हे त्या सकाळी मला पहिल्यांदा उमगलं. चित्ता तर पुढे देशातूनच गेला. १९५२ साली तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले.

शिकारीच्या घराण्यांतूनच पुढे राखणदार निघाले, ही या गोष्टीची मोठी बाजू आहे. भावसिंहजींचे चिरंजीव धर्मकुमारसिंहजी शिकारीच्या वातावरणात वाढले, पुढे पक्षितज्ज्ञ झाले, सौराष्ट्रातल्या पक्ष्यांवर १९५५ साली ग्रंथ लिहिला आणि वेळावदरच्या रक्षणासाठी झटले. वांकानेर राजघराण्यातले एम. के. रणजितसिंह १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मुख्य शिल्पकार. त्यांनी अभ्यासाला घेतलं तेही काळवीटच. आपल्याकडे नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे जुने शिकारी. आपलं सगळं रानज्ञान त्यांनी मारुती चितमपल्लींपुढे मोकळ्या हाताने ठेवलं. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं, आणि चितमपल्लींच्या लेखनातून ते रान मराठी घराघरांत पोचलं. जाणत्याने हातचं राखलं असतं, तर ती विद्या त्याच्याबरोबरच गेली असती.

माधवराव पाटलांचं नाव आपण घेतो, ते घ्यायलाच हवं. पण भालातल्या शेतकऱ्याचं औदार्य कुठल्या पुस्तकात नाही. परतताना गव्हाचा एक मोठा तुकडा तुडवलेला, शेंडे खुडलेला दिसला. मी काकांकडे पाहिलं. खानदेशात हरणांनी, रोह्यांनी पीक खाल्लं की शेतकरी रात्र रात्र मचाणावर बसून डबे वाजवतो. त्याचा संताप मी नातलगांच्या तोंडून ऐकलेला आहे आणि तो खरा आहे. कर्ज काढून पेरलेल्या शेतावर कोणी उपदेश करू नये. काकांच्या शेतावरही तोच तोटा होता. घरी बांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तेही खाणार, आम्हीही खाणार. जमीन दोघांची आहे.” काका मात्र स्पष्ट बोलले. “बा म्हणते ते खरं. पण भाऊ, दोघांचं पोट एकट्या शेतकऱ्याने किती दिवस भरायचं?”

हा प्रश्न मी गोडादऱ्याला घेऊन आलो. ३४ चौरस किलोमीटरच्या उद्यानात काळविटाचं भागत नाही. त्याला भोवतालची शेतं, पडीक रानं, गवताचे पट्टे लागतात. आपलं कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य तर सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. तिथली काळवीटंसुद्धा भोवतालच्या शेतांवर जगतात. इकडे भालाच्या शेजारी धोलेऱ्याचा ९२० चौरस किलोमीटरचा औद्योगिक प्रदेश आकाराला येतोय. रस्ते येतील, जमिनीला भाव येईल, तरुण मुलं शेती सोडतील. मी स्वतः कारखान्यांच्या शहरात वाढलेला माणूस. उद्योगाने माझ्या घराला भाकरी दिली, तिच्याशी मी बेइमानी करणार नाही. पण शेतावर गाडी जाईनाशी झाली, की हरणाच्या ओळखीचं माणूस असं काही उरणार नाही. कुंपण घालून जनावर वाचवता येईल, ही ओळख नाही वाचवता येणार. ती दोन्ही बाजूंनी रोज पाळावी लागते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रान राखण्याचा हिशेब मांडताना उद्यानाचं क्षेत्र आणि जनावरांची गणना यांच्या बरोबरीने शेतकऱ्याने सोसलेल्या तोट्याचीही नोंद व्हावी. त्याची भरपाई भीक म्हणून मिळू नये, त्याच्या कामाचा मोबदला म्हणून वेळेवर त्याच्या हातात पडावी. हरणं बघायला जाणाऱ्या आपण शहरी माणसांनी गावात उतरावं, त्याच्या घरी जेवावं, त्याचा गहू त्याच्याकडून रास्त भावाने घ्यावा. मी आता वर्षाचा गहू काकांच्या भावाकडूनच आणतो. गल्लीतल्या चार घरांनीही आणायला सुरुवात केली आहे. काकांनी मला जे दिलं ते फिटणारं नाही, पण ज्या शेताच्या पतीवर मी काळविटाजवळ उभा राहिलो, ते शेत कसणं त्यांच्या पुतण्याला परवडलं पाहिजे, एवढं तरी मी देणं लागतो.